बंदच्या बटनाला शिंगं

बनुबाई : …म्हंजी नुसतं चिनी बोलायचं म्हनलं तर सहा महिने, अन् लिहायवाचायचं म्हनलं की दोन वर्षं. यात इचार करायसारखं काय हाय? बोलायचा वर्ग घे, मोकळी हो.

अश्विनी : क्लासच्या सरांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय, आज्जी. बोलायच्या वर्गात त्यांची अक्षरं शिकवतच नाहीत. इंग्रजीत लिहून उच्चार घोकून घेतात.

बनुबाई : बरंच हाय की. मला दुसरीतनं उठवली. पारनेरच्या बाजारात कुनी फसवलंय का मला? तोंड चाललं की जग चालतं.

अश्विनी : अन् नगरच्या स्टँडवर शेवगावच्या गाडीत जाऊन बसलीस ते?

बनुबाई : ती त्या पोराची चूक. पारनेरची गाडी कुठली म्हनून मी नीट इचारलं हुतं. त्यानं बोट दाखवलं, मी बसले.

अश्विनी : गाडीवर पाटी होती ना.

बनुबाई : हुती. दिसली बी मला. पाटी बोलत न्हाई.

रंगनाथ : आई, पोरीला बोलू दे जरा.

बनुबाई : तू हात छातीशी धर, रंगा. खाली सोडला की रातभर कन्हतोस, अन् झोप माझी जाती.

अश्विनी : पप्पा, सहा महिन्यात बोलता आलं तर नागापूरच्या कारखान्यांत लगेच काम आहे. चीनहून मशीन जोडायला माणसं येतात, त्यांच्याशेजारी उभं राहून सांगायचं. मग तुम्हाला कारखान्यात जायला नको.

बनुबाई : मग घोडं अडलंय कुठं?

अश्विनी : बटनांवरचं चिनी वाचता येणार नाही मला. पप्पांच्या मशीनपुढं उभी राहिले, तरी पप्पांइतकीच आंधळी.

रंगनाथ : आमी काय आंधळे न्हवतो. टिकल्या डकवल्या हुत्या की. चालूच्या बटनाला हिरवी, बंदच्या बटनाला लाल. सगळी पाळी त्याच्यावरच काम करायची.

बनुबाई : अन् खंडेनवमीला तुझ्या अंगात भक्ती आली.

रंगनाथ : मशीनची पूजा करायची तर पुसून नको का घ्यायला? तेलावर कुंकू ठरतं व्हय? टिकल्या निघाल्या, परत डकवल्या.

बनुबाई : कुठं डकवल्यास?

रंगनाथ : माहीत हाय तुला.

बनुबाई : माहीत हाय म्हनून तर इचारती. लाल दाबली अन् ते चालू झालं. डावा हात आतच.

अश्विनी : आज्जी, पुरे. मी किती वेळा म्हटलं होतं, पप्पा, बटनांचे फोटो आणा.

रंगनाथ : मोबाईल गेटावरच काढून घेत्यात.

अश्विनी : मग बघून कागदावर काढून आणा म्हटलं, तर झोपडी काढून आणलीत.

रंगनाथ : तसंच दिसतं ते.

बनुबाई : तुझ्या मालकाला हात झडलेत का? मराठीत लिहून डकवायला काय जातं त्याचं?

रंगनाथ : त्यालाबी कुठं कळतंय. मशीन जुनं आनलंय. म्हनतो, वाचायला मानूस येईल.

अश्विनी : तो माणूस म्हणजे मीच, आज्जी. बोलणारी, न वाचणारी.

बनुबाई : …दाव बरं. ते बंदचं अक्षर काढ.

(अश्विनी कागदावर काढते.)

अश्विनी : हे बघ, हे चालूचं. आणि जवळजवळ असंच काढून डोक्यावर या दोन छोट्या रेघा दिल्या की बंदचं. एवढंच येतं मला अजून.

बनुबाई : शिंगं हायती ही. इत्तं सोपं अन् त्याला दोन वर्षं? आपल्या शेळीला बी कळंल. रंगा, हिकडं बघ. शिंगं दिसली की बंद.

रंगनाथ : आई, शिंगं तीन-चार बटनांवर हायती.

बनुबाई : मग शिंगाखालचं बघायचं.

रंगनाथ : खालचं मला समदं एकसारखंच दिसतं.

बनुबाई : नीट बघ की.

रंगनाथ : बघतोच की, आई. दोन वरसं बघतोय.

बनुबाई : …अश्विनी, अक्षरंच शीक मग. लागू दे लागंल तेवढा येळ.

अश्विनी : अन् तोवर पप्पा? दोन वर्षं त्याच मशीनवर?

बनुबाई : मग बोलायचंच घे.

अश्विनी : आज्जी, एक काय ते सांग ना.

बनुबाई : मला काय इचारती, बाई? मी शेवगावच्या गाडीत बसनारी.

अश्विनी : सरांना काय सांगू, पप्पा?

रंगनाथ : तुला बरं वाटंल ते सांग. टाके निघाले, सोमवारपासून मला जायचंच हाय. तुझ्या टिकल्यांचं पाकीट दे जरा. लाल-हिरव्या दोन्ही हायती का बघ.