रविवारचा राखाडी

सुताराचं काम व्हार्निशवाचून खोळंबलं होतं, आणि रंगाच्या दुकानात त्याच्यापुढे एक म्हातारं जोडपं दोन राखाडी पट्ट्यांवरून हुज्जत घालत होतं.

“अहो, लेकीच्या तिकडच्या भिंती गडदच आहेत. रोज व्हिडिओ कॉलवर बघते, मी काय आंधळी आहे?”

“अगं, रोज ती कामावरून दमून येते तेव्हा अंधारलेलं असतं. रविवारी सकाळी बघ, फिका दिसतो.”

“मग तिलाच विचारा.”

“काय सांगू?”

“तुझी इथली खोली तश्शीच रंगवतोय म्हणून.”

“आणि म्हणाली, आता कशाला, तर?”

बाईंनी गडद पट्टी दुकानदाराला परत दिली.

“फिकाच द्या, भाऊ. रविवारी तिला फोन ठेवायची घाई नसते.”