व्याजदर सर आणि वाटप मॅडम

...नाही नाही, ओठ हलवू नका, आत्ताच रंग लावलाय — हां, अस्संच राहा, नुसतं ऐका. तर तुम्ही विचारत होतात, वादाच्या कार्यक्रमात समोर दोघं आणि या बाजूला तुम्ही एकटे, हा कुठला न्याय? न्यायबिय काही नाही हो, नवराबायको आहेत ते. तुम्हाला सांगितलं नाही कुणी? कसं सांगतील, एवढा बाहेरगावाहून बोलावलेला अर्थतज्ज्ञ ऐनवेळी परत गेला तर चॅनलवर काय दाखवतील — डोळे मिटा जरा.

इथे मेकअपला मी सुरुवातीपासून आहे. एक सांगते, चेहऱ्यावर स्पंज फिरायला लागला की नट झोपतात, पुढारी फोनवर असतात, अर्थतज्ज्ञ मात्र बोलतात. आरशातल्या स्वतःला धोरण समजावून सांगतात. म्हणून तर तुमचे ओठ आधी उरकले, मला जरा बोलायचं होतं आज.

तर सर. आम्ही त्यांना व्याजदर सर म्हणायचो, कारण महागाई असो, बेकारी असो, त्यांचं औषध एकच — व्याजदर नीट ठेवा आणि सरकारनं हात आखडता घ्यावा. एकटेच राहायचे. शर्टाचं बटण भलत्याच दोऱ्यानं लावलेलं असायचं — ते मी नीट शिवून दिलं एकदा, असो. आणि दुसऱ्या या मॅडम. प्रत्येकाला, गरीब-श्रीमंत न बघता, सरकारनं दरमहा ठरलेली रक्कम द्यावी, अट कसलीच नको, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वाटप मॅडम. दोघंही विद्वान, पण कार्यक्रम कसा, तर अळणी. हे आपलं वाचून दाखवणार, त्या आपलं वाचून दाखवणार, एकमेकांचं ऐकतंय कोण? निर्मात्यांनी सांगितलं, हे असंच चाललं तर बंद करू. आता बंद झालं असतं तर माझं काम गेलं असतं, सरांचं येणंही थांबलं असतं — म्हणजे सगळ्यांचंच थांबलं असतं म्हणते मी.

मान थोडी वर. हां.

सर आधी यायचे, मॅडम मागून. एकदा सर याच खुर्चीत म्हणाले, सगळ्यांच्या हातात पैसा आला की घरमालक भाडं वाढवतील, मग वाटलेलं गेलं कुठे? मग मॅडम बसल्या. मी काय केलं, सहज म्हटलं, आमच्या शेजारचे म्हणतात बाई, पैसे मिळाले तर घरमालकच खातील. मॅडम एकदम ताठ बसल्या. आणि आत गेल्यावर, सर तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, तुम्ही आता घरमालकाचं काढाल. मग तुम्हीच सांगा, महिन्याची सोय असलेला माणूस वाईट नोकरीला नाही म्हणू शकतो, त्या नाही म्हणण्याची किंमत तुम्ही कुठे धरली? सर चष्मा काढून हसले — मी काचेतून बघत होते — असं हसताना त्यांना मी तरी कधी पाहिलं नव्हतं. मध्यंतरात पावडर मारायला गेले तर मला म्हणतात, "या बाईंना माझ्या मनातलं कळतं कसं?" मी म्हटलं, हुशार आहेत.

दुसरं काय म्हणणार?

मग मला चटकच लागली. मॅडमचंही पुढच्या खेपेला सरांच्या कानावर घालायला लागले — कधी शेजारी, कधी माझी बहीण, कधी रिक्षावाला, कुणाच्याही नावावर. कार्यक्रम असा रंगला म्हणता, लोक टीव्हीपुढून हलेनात. आणि हे दोघं संपल्यावरही खाली गाड्यांपाशी उभे, मी घरी निघाले तरी यांचं तुटीचं अंदाजपत्रक सुरूच. मला वाटायचं भांडताहेत. पुढे नोंदणी कार्यालयात लग्न. मॅडमना मीच तयार केलं, माझ्या हातचं इतकं चांगलं काम दुसरं झालं नाही. चांगलं करायचंच, असं ठरवून गेले होते मी.

पण झालं काय, लग्न झालं आणि कार्यक्रम बसला. आता सर म्हणतात, रक्कम द्यायला हरकत नाही, हळूहळू द्यावी. मॅडम म्हणतात, व्याजदराकडेही बघायला हवं. कोण बघणार हे? म्हणून तुम्हाला आणलंय, कळलं? तुम्ही माणसांची कामं घेणाऱ्या यंत्रांवर कर लावावा म्हणता ना, तो सरांना मुळीच पटत नाही. यंत्र कशाला म्हणायचं हेच आधी विचारतील तुम्हाला. गणकयंत्राला माफी, रोबोला कर, ही रेघ कोण मारणार, असं. तयारीत राहा.

हसू नका, गालाला रेघ पडते.

आणि गंमत ऐका. मध्ये मॅडम इथे बसून म्हणाल्या, पूर्वी यांना माझं म्हणणं सांगण्याआधी कळायचं, आता सांगूनही कळत नाही. त्याच आठवड्यात सर म्हणाले, "लग्नाआधी तिला न बोलता समजायचं हो." मी पंधरवडाभर मिठाची गुळणी धरली. म्हटलं, आपल्याला काय करायचंय, तुटायचं ते तुटू दे. हो, आलं होतं मनात, का नाही येणार? मग सरांचं तोंड इतकं उतरलेलं दिसायला लागलं की पावडरीनं झाकेना. शेवटी मॅडमना म्हटलं, आमच्या शेजारच्यांना ना, घरी आल्याआल्या कुणी प्रश्न विचारलेले सोसत नाहीत, आधी जरा खिडकीत बसू द्यावं लागतं. आणि सरांना म्हटलं, माझ्या बहिणीला सल्ला नको असतो, नुसतं ऐकणारं कुणी हवं असतं. चाललाय संसार तेव्हापासून. ठीक चाललाय.

काय म्हणताय? बोला आता, ओठ वाळलेत. — सरांना कळलंय का हे? छे. कळलं तर या खुर्चीत बसून बोलतील का ते पुन्हा?

उठा, झालं तुमचं. ते आलेत.