तिसऱ्या डबीतलं घड्याळ

— नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू रत्नमसाहेब, ती डुगडुगते. आमचे हे मुद्दाम पाहुण्यांना तिच्यावरच बसवायचे, म्हणजे पाहुणे लवकर उठतात. इथे बसा, उजेडाला. कॉफी घ्या. विम्याची माणसं कामावर असताना घेत नाहीत? मागे तो छपराच्या विम्याचा आला होता, तो तीन कप प्यायला आणि वर छप्परच जुनं आहे म्हणून गेला. असो. तर ही तीन घड्याळं — यांच्या मागे माझ्याकडे आलेली. पहिलं यांचं स्वतःचं, बंदरावर नोकरीला होते तेव्हाचं. दुसरं यांच्या थोरल्या काकांचं, ते तीस वर्षं बंद आहे — काका चालू असतानाही साधारण तसेच होते. लिहिलीत किंमत? तेवढीच? असू दे, त्या दोघांबद्दल माझं काही म्हणणं नाही. खरं काम या लाल डबीचं आहे. मामंजींचं सोन्याचं घड्याळ. याची किंमत जरा सढळ हातानं लिहा — अहो, विम्याच्या पैशांसाठी नाही, वन्संसाठी! यांची थोरली बहीण, पेक हून नाव तिचं. रविवारी इपोहहून येतेय. हे गेल्यापासून अख्ख्या गोतावळ्यात सांगत सुटलीय, की गेकनं — म्हणजे मी — माझ्या बापाचं घड्याळ विकलं आणि त्या पैशात दात बसवले! दात माझ्या लेकीनं बसवून दिलेत, हे बघा — नको? बरं. तर मला तुमचा शिक्क्याचा कागद हवाय. घड्याळ घरात आहे, अस्सल आहे, किंमत इतके इतके हजार रिंगिट. तो मी फ्रिजवर चिकटवणार, आणि वन्सं आल्या की पहिल्यांदा थंड पाणी आणायला त्यांनाच पाठवणार.

हलकं लागतंय? लागणारच, जुनं आहे. माणूससुद्धा म्हातारपणी हलकं होतं. आणि ते भिंग डोळ्याला लावून एवढं काय बघताय — काटे हलत नाहीत ना? किल्लीच दिलेली नाही, हलतील कसे! मी तर डबी उघडलीही नाही, एप्रिलपासून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कुलूप लावून ठेवलीय. किल्ली फिरत नाही म्हणता? चिकटली असेल. काय? काटे छापलेले? छापलेले काटे कधी असतात का — आणा इकडे. माझा चष्मा कुठे — डोक्यावर आहे होय. बघू — अगं बाई. अगं बाई गं. हा तर पुठ्ठा आहे.

थांबा, असे बघू नका माझ्याकडे, मी चोर नाही. सांगते. तुम्ही पिनांगचेच, तुम्हाला ठाऊक आहे, चेंगबेंगच्या सणाला आम्ही पितरांना काय काय जाळून पाठवतो — कागदाची गाडी, कागदाचा फोन, कागदाचा नोकरसुद्धा. यांचं हे पहिलंच वर्ष. हौस म्हणून मी कागदाचं घड्याळही घेतलं, अगदी मामंजींच्यासारखं बघून — लाल डबीसकट! दुकानदार म्हणाला, आजी, फरक ओळखून दाखवा. मेल्याची जीभ काळी असणार. आणि खरं घड्याळही मी त्या दिवशी कबरीवर घेऊन गेले — जाळायला नाही हो, नुसतं यांना दाखवायला, कुणाला न सांगता! यांचा जीव होता त्यात. दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवल्या, भाजलेलं डुक्कर, संत्री, आणि मग — होय, वास आला होता. जाळायच्या पिंपातून चामड्याचा वास आला होता! मीच म्हणाले, बघा वन्सं, हल्ली कागदाचा पट्टासुद्धा किती हुबेहूब करतात. आणि फट्‌कन काच फुटली, तर सगळे म्हणाले, पोचलं, घेतलं त्यानं! सोनं राखेत सापडेल म्हणता? तीन महिने झाले साहेब, ती राख कुठल्या कुठे गेली. गेलं. मामंजींचं घड्याळ गेलं.

पण — पण थांबा हं. डबी पिंपात टाकली कुणी? मी नाही टाकली! मी गाडी टाकली, जावयानं फोन टाकला, आणि घड्याळ — "मी थोरली, घड्याळ मीच देणार" — माझा हात बाजूला सारून उचललं कुणी? वन्संनी! स्वतःच्या हातानं! लिहा! लिहा साहेब, पेन कुठाय तुमचं — "सदर घड्याळ पेक हूनबाईंनी स्वहस्ते जाळले" — दोन प्रती करा, एक इपोहला पाठवते, रविवारपर्यंत दम कशाला धरायचा! अहो, चाळीस वर्षं वाट बघतेय मी, ही बाई कधीतरी चुकेल म्हणून!

— लिहिलंत? नका लिहू. जरा थांबा. ती पिंपाजवळ उकिडवी बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे धड वाकत नाहीत, तरी बसली. डबी छातीशी धरली आणि यांना म्हणाली, "कीट, हे बाबांचंच आहे असं समज. जन्मभर जेवायला उशिरा आलास, तिथं तरी वेळेवर जा." आणि रडली. माझ्यासमोर कधी रडली नव्हती ती. आता तिला सांगायचं, की बाई, ते खरंच बाबांचं होतं? बापाची एवढी एकच वस्तू राहिली होती. मला तिची दया येतेय साहेब, आणि ते मला अजिबात आवडत नाहीये.

खोडा ते. नीट खोडा, वाचता यायला नको. आणि असं लिहा — दोन घड्याळं पाहिली. बस. खोटं नाही ना ते? दोनच पाहिलीत तुम्ही, तिसरा पुठ्ठा होता. फ्रिजवर तोच कागद लावते. वन्सं वाचतील, बोटांवर मोजतील, आणि म्हणतील, बघा, विकलंच हिनं. म्हणू देत. चाळीस वर्षं म्हणतेच आहे काही ना काही, एक भर. फक्त एवढं सांगून जा — ती विचारणार, कितीला विकलंस म्हणून. मी पडेल भावात दिलं असं नको वाटायला. मामंजींचं घड्याळ होतं. हा त्यांचा फोटो, मनगट दिसतंय बघा. काय येईल अशा घड्याळाला? अंदाजे सांगा. — किती? — एवढे? — परत सांगा.

निघा तुम्ही. निघा म्हणते ना.