ओळीच्या दोन्ही टोकांना लाटा

अहो सर, त्यात सजवायचं काही नसतं — ठळक हवं तर दोन्हीकडे दोन-दोन चांदण्या टाकायच्या, झालं. बायोडेटा आहे, लग्नाची पत्रिका नाही. नावाआधी एक हॅश, की नाव मोठं. ‘नॉर्बर्तो विलाफ्लोर’ — दिसेल हो मोठं! इथे नुसत्या खुणा टंकायच्या, रूप त्यांना अर्ज जातो त्या कंपनीच्या पडद्यावर येतं. मला कुठून येतं हे? घरी बसून शिकले. तुम्हीच बसवलंत ना. हळू हसा — टाला मांडीवरच झोपते, पलंगावर ठेवली की भोंगा. ती तुम्ही आणलेली बिबिंका राहू दे तिथे, तांदळाचा केक काही पळत नाही, खाईन मग.

सातव्या महिन्यात तुम्ही म्हणालात, “लिवाय, आता जरा हलकं काम घे.” हलकं म्हणजे काय, तर इतरांची हजेरी मांडायची! आणि बाळंतपणानंतर परत आले, तर शेरा — कामात लक्ष राहिलेलं नाही. नोकरी गेली. आणि मी तो शेरा खरा मानला, सर! बाटल्या उकळायला ठेवून विसरले, भांडं करपलं, की म्हणायचे, सर बरोबरच बोलले, माझं डोकं दुधाबरोबर वाहून गेलंय. आणि आज तुमचं ऑफिस बंद पडलं, तर तुमच्या कागदावर पहिली ओळ कोणती? ‘सेबूच्या बोटींची तिकीट-यंत्रणा उभी केली.’ तुम्ही? बोट लागते म्हणून धक्क्यावरसुद्धा न फिरकलेले तुम्ही? पोट सांभाळत खलाशांच्या मागे मी हिंडत होते —

नाही, नाही, ओळ ठेवलीये. अक्षरही बदललं नाही, सांतो निन्योची शपथ. पाठवू ना? नक्की? आजच शेवटचा दिवस. मला कसं ठाऊक म्हणजे? माझाही अर्ज तिथेच गेलाय, हीच ओळ घालून... अगं बाई, हे बोलायचं नव्हतं. असो. हं — गेला तुमचा.

काय? ओळीच्या दोन्ही टोकांना ते वळवळणारं? लाटा आहेत, सर. बोटींचं काम ना, म्हणून. तिकडे लाटा दिसत नाहीत. तिकडे त्या ओळीच्या मधोमध आडवी रेघ दिसते. खोडलेली ओळ. पुसली असती तर कुणाला काय कळलं असतं? खोडलेलं मात्र वाचता येतं.

ओरडू नका! — उठली ना ती. चपला दाराबाहेर आहेत. आणि ती बिबिंकाही न्या.

हलकीच आहे.