हवेला बाहेर जायची वाट

हॅलो?… हो, बोल तेजल… नाही गं, खोलीवर नाही. सिन्नर फाट्याला, नव्या घराच्या साइटवर… तुझे दाजीही आलेत, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली ड्युटी करून सरळ इकडंच. बाहेर भिंतींना पाणी मारतायत.

अगं, आज मी भिंत फोडायला लावली… फोडायला. हो, मीच… ऐक ना, आधी ऐक.

स्वयंपाकघराची. रावजी मिस्त्रींनी सकाळीच स्लॅबपर्यंत नेली होती… वाकडी कशाला असेल, ओळंब्यात आहे. पण माझ्या डोक्यात तो व्हिडिओ होता… तोच, मोबाईलवरचा, मिनिटभराचा.

रेसिपी बघता बघता मध्येच एक बाई आली. आर्किटेक्ट. म्हणाली, नुसती खिडकी असून भागत नाही, हवेला आत यायला वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. गरम हवा वर चढते, म्हणून ती वाट वर पाहिजे… डाळ गॅसवर ठेवून चारदा बघितला मी… करपली ना.

मग तसलेच व्हिडिओ एकामागून एक येतच गेले. जाळीची भिंत, उजेड कुठून घ्यायचा, सावली कुठं पडते… परवा दवाखान्यात डॉक्टर विचारतायत काय होतंय, आणि मी बघतेय दवाखान्याची खिडकी कुठल्या बाजूला उघडते… हस, हस.

नाही, भिंतीत वर वाट ठेवायला दाजी नकोच म्हणाले. "मोबाईल बघून घर बांधतात का? इंजिनिअरनं नकाशा दिलाय ना?"… त्यांचंही चूक नाही गं. तो शिकलेला माणूस, मी दहावी. वाटलं, गप्प बसावं. पण भाड्याच्या खोल्यांमध्ये बावीस वर्षं काढली मी. फोडणी टाकली की पदर नाकाला… हो, तू बघितलंयस.

म्हणून अगरबत्ती लावली… पूजा कसली? बुद्धवंदनेसाठी घेतलेला पुडा पिशवीत होता. दाराच्या जागी ताडपत्री लावली आणि मधोमध उभी राहिले. धूर वर गेला, स्लॅबखाली साचला, तिथंच घुटमळत राहिला… हो ना, खिडकी सताड उघडी असून. रावजी बघत होते. विटांमधला सिमेंटचा माल ओलाच होता. म्हणाले, "ताई, वरच्या चार विटा काढून बघू. नाही पटलं तर परत बसवतो."

काढल्या… आणि तेजल, धूर वळला. कुणी हाक मारल्यासारखा हळूच वळला आणि त्या भोकातून बाहेर गेला… तुझे दाजी ताडपत्री सरकवून आत आले. माझ्या हातातली अगरबत्ती घेतली, ताडपत्री परत नीट लावली. एका कोपऱ्यात धरून बघितली, मग दुसऱ्यात, मग खाली बसून. किती वेळ तेच. शेवटी म्हणाले, "रावजी, सहा काढा."

अगं थांब, संपलं नाही. मग रावजींनी विचारलं, "ताई, ओटा किती उंच घ्यायचा?"… इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ओट्यांपाशी टाचा उचलून चपात्या लाटल्या. कुणी विचारलंच नव्हतं… मीसुद्धा नाही. रावजीच म्हणाले, "कणीक मळताय अशा उभ्या राहा." राहिले. कोऱ्या भिंतीसमोर, रिकामे हात चालवत… नाही गं, रडले नाही… थोडं.

त्यांनी हाताखाली पेन्सिलीची खूण केली, आणि… हॅलो?… येतोय आवाज?… एक मिनिट, दाजी बोलावतायत. काय हो?… अगं, म्हणतायत, खूण परत करायची, चप्पल काढून उभी राहा. घरात काय चप्पल घालून मळणारेस का… बरोबर आहे त्यांचं. ठेवते मी.