फॉर्ममधला नववा प्रश्न

— अहो, तो हातोडा ठेवा आधी खाली. खांब ठोकून मागाहून बघा, आधी हा फॉर्म पुरा करू. तुम्ही इमारत तपासायला आलेले बँकेचे इंजिनीअर, मी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि विकायचा फ्लॅटही माझाच, म्हणजे मध्ये तिसरं कुणी नाही, बरंच झालं. मला एक सांगा — कर्ज घेणार ती नर्स, पगार तिचा, हप्ते तीच भरणार, आणि तब्येत कुणाची तपासताय? आमच्या सोसायटीची! दुरुस्तीचा निधी आहे का, मेंटेनन्स किती जण थकवतात, कोर्टात खटला आहे का — लग्न एकाशी आणि रक्त तपासायचं अख्ख्या खानदानाचं, असला प्रकार. कळतं हो, समजावू नका. उद्या इमारत बसली तर बँकेच्या हातात काय राहणार, विटांचा ढीग. दोन बँकांनी हेच ऐकवून वाटेला लावलंय मला.

निधी? शून्य लिहा. लाजायचं काय त्यात! चौदा वर्षं सेक्रेटरी आहे मी, चौदा वर्षांत मेंटेनन्स एका पैशानं वाढू दिला नाही. दर सभेला टाळ्या पडायच्या. शेजारच्या सोसायटीतले लोक विचारायला यायचे, तुम्हाला जमतं तरी कसं म्हणून. कसं म्हणजे — दुरुस्ती करायचीच नाही! भेग दिसली की पुट्टी भरायची, वरून रंग मारायचा. गच्ची गळली की डांबर ओतायचं. तेच आता माझ्या गळ्याशी आलंय, दुसऱ्या कुणाच्या नाही.

हां, नववा प्रश्न. खटला — ‘नाही’वर खूण करा. होता, आता नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हेअरनं घातला होता, रिटायर्ड माणूस, वेळच वेळ. सोसायटीला दुरुस्ती करायला लावा म्हणून कोर्टात गेला. पहिलं गिऱ्हाईक माझं त्या खटल्यापायी पळालं, बँकेनं कर्जच दिलं नाही त्याला. मग मी याला जिन्यात गाठलं. नीट सांगितलं हो, हात जोडून — मागे घ्या, माझा फ्लॅट अडकलाय. तर म्हणतो, तुम्ही विकून सुटाल, आम्ही काय ढिगाऱ्याखाली मरायचं? बरोबरच होतं त्याचं. म्हणून तर डोकं फिरलं. कॉलर धरली आणि तोंड कठड्यावर आपटलं — एकदा नाही, तीन-चारदा. दोन दात पायऱ्यांवरून टप्पे घेत खाली गेले. मग हात पिरगळला, कट्कन आवाज येईपर्यंत. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की सही करायचा हात मोडला, आता खटला मागे घ्यायच्या अर्जावर सही कोण करणार! शेवटी दुसऱ्या हाताचा अंगठा घेतला. हसा की, हसण्यासारखंच आहे.

ते काय लिहिताय? खोडा. खोडा म्हणतो ना! ते विचारलेलं नाही तुमच्या फॉर्ममध्ये.

बायको? बहिणीकडे असते ती, सव्वा महिना झाला. इमारतीला घाबरून गेली, दुसरं काय. बेडरूमच्या छताचा हा एवढा तुकडा पडला, थेट तिच्या उशीवर. चहा ठेवायला उठली होती म्हणून, नाहीतर डोक्याचा चेंदा झाला असता. हे घर विका, दुसरीकडे घ्या, मग येते, असं म्हणाली ती — म्हणजे, म्हणाली असती. कधी पडला? गेल्या वर्षी... हो, गेल्या वर्षी. नाही, तेव्हा नाही गेली. तेव्हा तिनं केर काढला, उशी झटकली, पलंग खिडकीकडे सरकवला आणि तिथंच झोपली. सव्वा महिन्यापूर्वी ते — ते जिन्यातलं. पायऱ्या तिनंच पुसल्या. फडकं पिळलं, बादली उपडी घातली, हात धुतले आणि पिशवी भरली. दार ओढून घेतलं आणि निघून गेली. पूर्वी मी मारलं की रडायची तरी!

काय बघताय? ही खुर्ची — ही घ्या! फुटली काच, फुटू दे, नोटीसबोर्ड सोसायटीचाच आहे. तुमच्या अंगावर नव्हती फेकली. तुमच्या अंगावर फेकायची असती तर लागली असती. तिच्यावर किती वेळा हात उचलला, तो कितवा प्रश्न आहे हो तुमचा? दहावा? घर विकलं की येईल ना ती? बोला ना! तुम्ही एवढ्या इमारती बघता, एवढी घरं बघता —

नको, नका बोलू. उठा. फॉर्म घेऊन जा, काय लिहायचं ते लिहा. खाली फाटकाशी ती नर्स उभी आहे, पडद्यांची मापं घ्यायला आलीय बिचारी. तिला तुम्हीच सांगा, हे घर घेऊ नकोस म्हणावं. मला सांगता येणार नाही. मला असलं काही सांगायला लागलं की तोंडाआधी हात उठतो. निघा म्हणतोय ना — हात अजून उठला नाही, तोवर निघा.