रद्द झालेला शनिवार

नाही, नाव नका घेऊ. बाकी काय वाटेल ते बोला, पण त्या पोराचं नाव नका घेऊ. — अहो, ऐकलं मी, सगळेच म्हणताहेत, टीममधल्या त्या सतरा नंबरवाल्या पोरानंच काहीतरी घोळ केला म्हणून मॅच रद्द झाली, तो पलीकडचा लाल टोपीवाला तर असं सांगतोय जणू ह्यानंच तपास केलाय. भोंग्यावर काय सांगितलं? आजची मॅच रद्द, शांतपणे बाहेर पडा. बस. कारण दिलं नाही. आणि बघा, एक माणूस बाहेर पडला नाही, सगळे आपापल्या ट्रकच्या मागे खुर्च्या टाकून बसलेत. कोच पळाला, समोरच्या पोरांना उलट्या लागल्या, कुणीतरी पैज लावली, सतरा नंबरला पोलिसांनी नेलं, एकेकाच्या अफवा. — बसा ना, उभे का? तुम्ही मिनेसोटाचे, नंबरप्लेट पाहिली मी. मुलगी बँडमध्ये आहे म्हणालात ना? मग तिला यायला वेळ आहे, त्यांना ते ढोल-बिल सगळं परत गाडीत भरावं लागतं. ही चिली घ्या, खिमा-राजम्याची, गरम आहे अजून. आणि हा दालचिनीचा रोल. — बरोबरच खायचा, हो, आमच्या आयोवात असंच खातात, तोंड वाकडं करू नका, आधी खाऊन बघा.

नाव नको म्हणते त्याला कारण आहे. — सांगते की. ह्याच मैदानावर आमचीही एक मॅच अशीच रद्द झाली होती. चौऱ्याहत्तर साल, ऑक्टोबर. नदीपलीकडच्या कॉलेजशी होती — वर्षभर लोक त्या एका मॅचची वाट बघायचे, शेतातली कापणी मागेपुढे करायचे तिच्यासाठी. लोक येऊन बसलेले, माझा नवरा ऑरिन सकाळी दहापासून आपल्या जागेवर, आणि साडेबाराला भोंग्यावर हेच. अपरिहार्य कारणामुळे रद्द. मग काय! न्हाव्याकडे तेच, चर्चमध्ये तेच, धान्याच्या कोठारापाशी रांगेत तेच. कुणी म्हणे त्यांची बस बंद पडली. कुणी म्हणे आपला कोच हरायला घाबरला. ऑरिनचं म्हणणं निराळंच. प्रिन्सिपॉलला फुटबॉलच बंद करायचाय, ही त्याची सुरुवात. ते पहिले दोन दिवस जेवताना हेच सांगायचा, उकडलेला बटाटा काट्याला टोचून हवेत धरून सांगायचा. आणि मी समोर बसून ऐकायची. मला माहीत होतं ना. अख्ख्या गावात मला माहीत होतं.

मी कॉलेजच्या टेलिफोनवर होते. तेव्हा समोर मोठा बोर्ड असायचा, फोन आला की वायर उचलून भोकात खोचायची. शनिवारी माझी सुट्टी. पण शनिवारची बाई त्याच सकाळी बाळंतपणाला गेली, म्हणून ऐनवेळी मला बोलावलं. अकरा वाजता फोन आला. मी म्हटलं, नमस्कार, कॉलेज. पलीकडे कुणी बोलेचना. बराच वेळ — म्हणजे मला बराच वाटला. मग तोंडावर रुमाल धरल्यासारखा आवाज, आज मॅच खेळलात तर स्टँडखाली ठेवलंय ते फुटेल. आणि फोन ठेवला. — काही नव्हतं हो खाली. तासभर शोधलं, एक मेलेली घूस सापडली. पण मॅच रद्द. गावाला कारण सांगायचं नाही असं ठरलं, नाहीतर उद्या कुणीही उठून फोन करेल.

शेरीफ आले संध्याकाळी. चांगला माणूस, आमच्याच चर्चमधला. म्हणाले, व्हर्ना, आवाज कसा होता? म्हटलं, पुरुषाचा. म्हणाले, तरुण की म्हातारा? म्हटलं, कळलं नाही. मग ते म्हणाले — त्यांनीच काढलं हं नाव, मी नाही काढलं — लॉयड हॅफनरचा असू शकेल का? हा लॉयड म्हणजे टीममधला पोरगा, कोचनं ऑगस्टमध्ये काढून टाकलेला. उन्हात पोरांना पाणी देत नाही म्हणून सगळ्यांसमोर कोचशी भांडला होता, तुमची एक मॅच धड होऊ देत नाही बघा, असं ओरडला होता. शंभर लोकांनी ऐकलेलं. तर शेरीफ विचारतात, लॉयडचा असू शकेल का? आणि मी म्हटलं, असू शकेल.

एवढंच. खोटं बोलले असं कुणी म्हणू शकणार नाही. असू शकेल. — गावाला सांगायचं नव्हतं, तरी सोमवारपर्यंत तो फोन आणि लॉयडचं नाव गावभर. मंगळवारी त्याच्या बापाच्या दुकानाच्या काचा फुटल्या, रंगाचं दुकान होतं, फुटपाथवर डबे उपडे करून ठेवलेले, पांढरा रंग पार कोपऱ्यापर्यंत वाहत गेलेला. पुरावा काहीच नाही, म्हणून खटला झाला नाही. कॉलेजनं मात्र नाव काढून टाकलं त्याचं.

मग तो आवाज खरा कुणाचा? — तुम्ही खा ना, गार होतंय. — अहो, आमच्या स्वयंपाकघराला मागे जाळीचं दार होतं. स्प्रिंग तुटलेली, त्यामुळे बंद होताना दोनदा आपटायचं. एकदा जोरात, मग एकदा हळू. ऑरिनला मी वर्षभर सांगत होते दुरुस्त कर. फोनवर तो माणूस गप्प होता ना, तेव्हा मागे ते दार वाऱ्यानं आपटलं. जोरात. मग हळू. मी घरापासून दीड मैलावर बसलेली, कानाला यंत्र लावून, आणि माझ्याच घरातलं दार ऐकतेय. आणि दार नसतं ऐकलं तरी काय? ज्याला मी बोलायला शिकवलं त्याचा आवाज मला रुमालातून कळणार नाही? आणि त्यालाही कळलंच. म्हणून तर गप्प झाला. त्याला वाटलं शनिवार आहे, आई नसेल.

डेल. माझा एकुलता एक. वीस वर्षांचा. कॉलेजच्या टीममध्ये, नंबर चौसष्ट.

त्या फोनच्या पंधरा दिवस आधी त्याला लागलं होतं. सरावात डोक्यावर डोकं आपटलं. हेल्मेट होतं, ह्या धडकाधडकीच्या फुटबॉलात असतंच. पण तेव्हापासून डोकं दुखायचं, मागच्या अंगणात जाऊन ओकायचा, नळ सोडून ठेवायचा म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. एकदा दूध ओतलं ते पेल्याच्या शेजारी ओतलं, टेबलावर, आणि ओततच राहिला. ऑरिन म्हणाला, पोरगं प्रेमात पडलंय. कोच म्हणाला, सगळ्यांचीच डोकी दुखतात. ऑरिन स्वतः खेळलेला ना इथे. आणि त्याचा बाप. त्या घरात, बाबा, मला खेळायची भीती वाटते, हे वाक्य कुणाच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. स्टँडखाली बॉम्ब आहे हे सांगणं त्याला सोपं वाटलं, बघा.

त्या आठवड्यात आम्ही दोघं एका टेबलाला बसत होतो. तो मला बटाटे द्यायचा, मी त्याला लोणी द्यायची. त्याला माहीत होतं मला माहीत आहे. मला माहीत होतं त्याला माहीत आहे. बुधवारी मी भांडी घासत होते आणि तो मागे येऊन उभा राहिला. फडकं घेतलं, एक ताट पुसलं, मग तेच ताट परत पुसलं. म्हणाला, आई. मी म्हटलं, काय रे? — मला वाटलं, आता हा बोलला की मला शेरीफकडे जावं लागेल. पोलीस, तुरुंग, ऑरिन. म्हणून मीच घाईनं म्हटलं, जा झोप, दमला असशील. आणि तो गेला. मी त्याला वाचवत होते हो! आईनं आणखी काय करायचं असतं?

पुढच्या शनिवारी मॅच झाली. तिसऱ्या सत्रात धडक बसली, तशी काही मोठी नव्हती, उठला तो. उठून चालायला लागला, आणि आपल्या बाकाकडे यायचं तर समोरच्यांच्या बाकावर जाऊन बसला. त्यांच्या पोरांच्या मधे, हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी शहाण्यासारखा. सगळं स्टेडियम हसलं. ऑरिन हसला, माझ्या पाठीवर थाप मारून हसला. आणि मीही — खरं सांगते, थोडीशी हसले मी. मग तो शेजारच्या पोराच्या खांद्यावर डोकं टेकवून आडवा झाला. सोमवारी पहाटे गेला.

नको, रुमाल नको, आहे माझ्याकडे.

चर्चमध्ये लॉयड आला होता. हो, तोच. मागच्या दाराशी उभा, हातात आईनं दिलेली शेंगांची भाजी, वर पातळ कागद लावलेला. ऑरिननं त्याला पाहिलं आणि सगळ्यांसमोर गेला त्याच्या अंगावर. तुझ्यामुळे! म्हणे, मागच्या शनिवारी मॅच झाली असती तर ह्या शनिवारी तो तिथे त्या जागी नसता. ह्याला काही अर्थ आहे का? पण दुःखात माणूस काहीही जोडतो, आणि सगळ्यांनी मान डोलावली. लॉयडनं फक्त भांडं पुढे धरलं. मी ते भांडं घ्यायला पुढे गेले. कुणीतरी घ्यायला हवं ना. तर तो माझ्याकडे वाकला आणि इतक्या हळू म्हणाला, मिसेस टॉलेफसन, डेलनं मला सांगितलं होतं. मी कुणाला सांगणार नाही.

म्हणजे बघा. त्याला सगळं ठाऊक. काचा फुटल्या तेव्हा ठाऊक, कॉलेजनं काढलं तेव्हा ठाऊक. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. आणि मला धीर देत होता, माझ्या मेलेल्या मुलाची अब्रू तो राखेल म्हणून. माझ्या मागे शेरीफ उभे होते, तीन पावलांवर. मी वळायचं होतं फक्त. मी म्हटलं, आईला आभार सांग. आणि भांडं घेऊन आत गेले. ते लोक नाताळच्या आधी गाव सोडून गेले. भांडं परत करायचं राहिलंच, कुठे पाठवायचं ते कळेना.

ऑरिन दोन हजार अकरा साली गेला. शेवटी बोलायचा नाही फारसा. एके दिवशी दुपारी, नर्स नव्हती, मला म्हणाला, व्हर्ना, तो फोन खरंच हॅफनरच्या पोराचा होता का गं? सदतीस वर्षांनी. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आणि असा बघत होता माझ्याकडे, असा — मला वाटलं ह्याला नाही म्हटलेलंच हवंय. ह्याला माहीत आहे, कदाचित तेव्हापासूनच माहीत आहे, आणि दोघांनी मिळून एकदा तरी पोराबद्दल खरं बोलावं म्हणून विचारतोय.

मी म्हटलं, हो. लॉयडचाच होता.

त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

— कोण? ती? ती तुमची मुलगी का, निळ्या टोपीवाली? हाक मारतेय तुम्हाला. जा. — नाही, मला कुणी न्यायला नको, माझी पुतणी येईल. ती वाटी तिथेच ठेवा. आणि मी काय काय बोलले ते... तुम्ही परगावचे आहात, म्हणून. जा म्हटलं ना, पोर उन्हात उभी आहे.